किशोरावस्थेचा इतिहास : वयोमर्यादाविषयक कायद्यांच्या आधारे

प्रस्तावना : बालविकासाच्या शैशवावस्था, बाल्यावस्था व किशोरावस्था या प्रमुख अवस्था मानल्या जातात. शारीरिक वाढ नैसर्गिक असली, तरी किशोरावस्थेस स्वतंत्र अवस्था म्हणून मान्यता केव्हा मिळाली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. मराठीत पौगंडावस्था म्हणजे वयात येण्याचा काळ; संस्कृत परंपरेत मात्र 'पौगंड' हे पाच ते दहा वर्षांचे वय होते.

विवेचन : बालविवाहाच्या प्रथेत मुलीचे बाल्य संपताच संसार सुरू होत असे. रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला. १८८४ मध्ये पतीने दावा दाखल केला. १८८७ मध्ये न्यायालयाने पतीकडे जावे अथवा सहा महिने कारावास भोगावा, असा आदेश दिला. अजाण वयातील विवाह बंधनकारक मानण्यास त्यांनी नकार दिला. १८६० च्या दंडसंहितेतील १० वर्षांचे संमतिवय १८९१ मध्ये १२ झाले. परकीय सरकारच्या हस्तक्षेपास लोकमान्य टिळकांनी विरोध केला. मुलींचे किमान विवाहवय १९२९ च्या शारदा कायद्याने १४, तर १९७८ मध्ये १८ झाले. तथापि, विवाहितेसाठी दंडसंहितेतील १५ वर्षांचा अपवाद सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत टिकला.

निष्कर्ष : किशोरावस्था मुलींना क्रमाक्रमाने व संघर्षातून मिळाली. वाशीमसारख्या ग्रामीण जिल्ह्यात अकरावी-बारावीच्या वर्गातील विद्यार्थिनींचे शिक्षण अखंड राहणे, हीच या कायद्यांची खरी कसोटी होय.