हात आखडता घेणारं सरकार आणि मावळची जमीन

स्पेन्सरचं सूत्र असं होतं की, सरकारने जीविताचं आणि मालमत्तेचं रक्षण करावं, न्याय द्यावा, बाकीच्या व्यवहारात हात घालू नये. आगरकरांच्या पिढीने हा स्पेन्सर मन लावून वाचला. आज आपण तो मावळच्या मातीत तपासून पाहू.

लोणावळ्याजवळचं वळवणचं धरण आपल्या परिचयाचं आहे. १९११ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला लोणावळ्यात बसली. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचली. सरकारने ना धरण बांधलं, ना वीजघर. भांडवल भागधारकांचं, जोखीमही त्यांचीच. लहान सरकारच्या बाजूने ही गोष्ट प्रामाणिकपणे जमेस धरली पाहिजे.

मग पाळी आली शेजारच्या मुळशी पेट्याची. इथे भातखाचरं आणि गावं पाण्याखाली जाणार होती. मावळे जमीन सोडायला तयार नव्हते. स्पेन्सरच्या हिशेबाने विषय इथेच संपतो. मालक नाही म्हणतो, सौदा होत नाही. पण १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कंपनीसाठीही सक्तीने जमीन घेण्याची सोय होती. सरकारने ती वापरली. म्हणजे बघा, धंद्यात हात न घालणाऱ्या सरकारने शेतात मात्र हात घातला! १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते; घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. धरण शेवटी झालंच.

तेव्हा खरंखुरं लहान सरकार असतं तर मावळा वाचला असता, असं म्हणायचं का? आम्हीही पूर्वी वर्गात तसंच सांगत असू. पण थोडं थांबू या. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेल्या होत्या. सावकाराला मोबदला हवा होता. कसणाऱ्याला जमीन हवी होती. कागदावरचा मालक ‘हो’ म्हणाला की नुसत्या मालमत्तेचं रक्षण करणारं सरकार कुळाला काय देणार? १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर, १८७९ साली, सरकारने कायदा करून सावकारीत हात घातला होता. तो हस्तक्षेप होता, आणि गरजेचा होता. उणीव होती ती तो अपुरा पडल्याची.

म्हणून सरकार लहान की मोठं, एवढंच विचारून भागत नाही. कंपनीसाठी सक्ती करणारा हात आखडायला हवा होता. कुळाच्या पाठीशी हवा होता तो हात पोचलाच नाही. एकाच तालुक्यात, एकाच वेळी, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पुढचा कोणताही प्रकल्प जाहीर झाला की आपण आधी सातबारा बघावा, आणि मग त्या जमिनीत नांगर कोणाचा चालतो तेही बघावं.