भक्षकपेशीतील परजीवी आणि विदर्भातील कुष्ठनिवारण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कुष्ठनिवारणाचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने सेवाकार्याचा इतिहास म्हणून लिहिला गेला. रोगजंतूची जीवनपद्धती आणि समाजाने रुग्णाला दिलेली वागणूक यांची सांगड मात्र क्वचितच घातली जाते. प्रस्तुत लेखात विदर्भाच्या संदर्भात ती घालण्याचा प्रयत्न केला आहे.

जंतूचा आश्रय :
नॉर्वेतील हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठजंतूचा शोध लावला. परंतु कृत्रिम माध्यमात तो आजवर वाढविता आलेला नाही. तो पेशीअंतर्गत परजीवी आहे. शरीरात शिरलेले जंतू गिळून नष्ट करणे हे मॅक्रोफेज या भक्षकपेशींचे कार्य. कुष्ठजंतू नेमका तेथेच मुक्काम करतो. त्याच्या आवरणातील मेदद्रव्ये पेशीतील मारक रसायनांचा प्रभाव कमी करतात. सुमारे दोन आठवड्यांतून एकदाच त्याचे विभाजन होत असल्याने रोगलक्षणे दिसण्यास अनेक वर्षे लागतात. मात्र टी-पेशींनी भक्षकपेशींना योग्य चालना दिल्यास त्याचा टिकाव लागत नाही. बहुसंख्य माणसांना अशी नैसर्गिक प्रतिकारशक्ती लाभलेली असते. म्हणजेच केवळ स्पर्शाने रोग जडतो, ही समजूत निराधार ठरते.

विदर्भातील कार्य :
१८९८ च्या कायद्याने निर्धन रुग्णांना समाजापासून वेगळे काढण्याची तरतूद केली होती. या पार्श्वभूमीवर मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. पुढे बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारून रुग्णांना श्रमप्रतिष्ठा मिळवून दिली. वर्धा येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने डॉ. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री राबविली. रुग्णाला आश्रमात आणण्याऐवजी डॅप्सोनची गोळी त्याच्या गावी पोहोचली. कालांतराने जंतू या औषधाला दाद देईनासे झाले. तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन यांच्या एकत्रित वापराची शिफारस केली. ही बहुविध उपचारपद्धती देशात प्रथम राबविणाऱ्या जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता.

निष्कर्ष :
या उपचारामुळे रुग्णाची संसर्गक्षमता अल्पावधीतच संपुष्टात येते. तरीही १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, तर घटस्फोटाचे कारण म्हणून असलेला कुष्ठरोगाचा उल्लेख २०१९ मध्ये वगळला गेला. भक्षकपेशीत दडलेल्या जंतूपर्यंत औषध पोहोचले. कायद्यात मुरलेल्या भीतीचे उच्चाटन व्हावयास त्यानंतरही तीन दशकांहून अधिक काळ लागला. विज्ञान आणि समाजशास्त्र यांच्या अध्यापनात हा इतिहास एकत्रितपणे मांडला जाणे म्हणूनच आवश्यक वाटते.