परदेशी गाडी, इथली हवा

सानगडी हे भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यातले गाव. तेथील काही विद्यार्थ्यांशी एकदा वैशाखात आमच्या गप्पा चालल्या होत्या. त्यांच्यापैकी एकाने साकोलीजवळ महामार्गावर एक लांबलचक परदेशी गाडी उभी असलेली पाहिली होती. बॉनेट उघडे होते, आतून वाफ येत होती आणि शेजारून एस.टी. व मालट्रक खुशाल निघून जात होते. त्याने विचारले, "एवढी महागाची गाडी तापते कशी? जिथे बनली तिथेही ती अशीच तापते का?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधताना सुमारे सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. यंत्र एका हवामानात घडते आणि दुसऱ्या हवामानात राबते. मधल्या अंतराची किंमत कोणी, कशी चुकती केली, हा विज्ञानाच्या इतिहासातला एक दुर्लक्षित भाग आहे. पाठ्यपुस्तकात यंत्र कोणी शोधले ते असते. ते कोणी चालू ठेवले, हे सहसा नसते.

मुंबई ते कोल्हापूर, १९०८

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या. त्या सर्व बोटीने येत. मुंबईत राहणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्याला किंवा अधिकाऱ्याला मुंबई हाच परदेश होता. आपल्या देशातली गाडी या परदेशात बाळगायची म्हणजे कारखान्यापासून हजारो मैलांवर बाळगायची. एखादा भाग मोडला तर पत्र जायला आणि भाग यायला मिळून दोन महिने सहज लागत. साहजिकच, गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ती किती वेगाने पळते हा नसे. ती किती वेळा बंद पडते, हा असे.

इंग्लंडमध्ये चार्ल्स रोल्स आणि हेन्री रॉइस यांची भेट १९०४ साली मँचेस्टर येथे झाली. १९०६ मध्ये त्यांच्या कंपनीने ४०/५० अश्वशक्तीची सहा सिलिंडरांची गाडी लोकांपुढे मांडली. तिच्या इंजिनाचे आकारमान सुमारे ७ लिटर होते. आपल्या ओळखीच्या मारुती ८०० चे आकारमान ०.८ लिटरही नव्हते, यावरून त्या इंजिनाची कल्पना यावी. या मालिकेतल्या एका गाडीला रुपेरी रंग दिला होता. तिचे 'सिल्व्हर घोस्ट' हे नाव पुढे साऱ्या मालिकेला चिकटले. १९०७ मध्ये हीच गाडी १५,००० मैल, म्हणजे सुमारे २४,००० किलोमीटर चालवून, नंतर संपूर्ण उघडून तपासण्यात आली. बदलावे लागलेले भाग अगदी किरकोळ किमतीचे निघाले. कंपनीने या चाचणीची भरपूर जाहिरात केली.

पण ही चाचणी ब्रिटनच्या थंड हवेतली आणि तिथल्या रस्त्यांवरची. हिंदुस्थानात काय होईल? त्याचे उत्तर १९०८ मध्ये मिळाले. त्या वर्षी मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची एक चाचणी-स्पर्धा झाली. अंतर ६२० मैल, म्हणजे जवळजवळ १,००० किलोमीटर. वाटेत सह्याद्रीचे सहा अवघड घाट. या स्पर्धेत उतरलेली एक सिल्व्हर घोस्ट बिघाडामुळे एकदाही न थांबता पार झाली. पुढे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली. 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे पूर्वेचा मोती, या नावाने ती ओळखली जाते. मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे शिंदे घराणे, मँचेस्टरच्या परंपरेतली गाडी आणि तिची परीक्षा घेणारा सह्याद्री, असा हा योग होता.

घाट चढताना काय होते?

मुंबईहून देशावर जाताना बोरघाट चढावा लागतो. तिथला गाडीरस्ता १८३० मध्ये वाहतुकीस खुला झाला. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढण ६०० मीटर धरू आणि माणसे व सामानासह गाडीचे वस्तुमान २,००० किलोग्रॅम धरू. केवळ उंचीवर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा अशी:

२,००० × ९.८ × ६०० = सुमारे १ कोटी १८ लाख ज्यूल.

एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे ३ कोटी ३० लाख ज्यूल ऊर्जा मिळते. त्या काळच्या इंजिनाने त्यातला १५ टक्के भाग कामी लावला असे मानू. मग लिटरमागे जेमतेम ५० लाख ज्यूल हाती येतात. म्हणजे एका घाटाला सुमारे २.४ लिटर पेट्रोल लागले. रस्त्याचे घर्षण यात धरलेले नाही.

उरलेली ऊर्जा उष्णता होते. त्यातली काही धुराबरोबर जाते, काही इंजिनाच्या अंगावरून हवेत जाते. पेट्रोलच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे एक तृतीयांश भाग रेडिएटरमधल्या पाण्याला बाहेर न्यावा लागतो. आपल्या हिशेबात हा भाग २ कोटी ६० लाख ज्यूल भरतो. उकळत्या पाण्याच्या एक किलोग्रॅमची वाफ करायला २२ लाख ६० हजार ज्यूल लागतात. रेडिएटरने ही उष्णता हवेला दिलीच नाही, तर एका घाटात अकरा-साडेअकरा लिटर पाण्याची वाफ होईल! घाटात रस्त्याकडेला पाण्याचे डबे घेऊन थांबलेल्या गाड्या जुन्या लोकांना आठवत असतील. त्यामागचे गणित हे असे आहे.

आता सानगडीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न घेऊ. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंश सेल्सिअस आणि हवा १५ अंश असेल तर फरक ७५ अंशांचा. हवा ४५ अंश असेल, आणि वैशाखात भंडारा जिल्ह्यात ती तितकी तापते, तर फरक उरतो ४५ अंशांचा. ७५ चे ४५ झाले, म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, तोच वेग, पण उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता ४० टक्क्यांनी घटली. चढावर वेग कमी होतो, त्यामुळे रेडिएटरमधून जाणारी हवाही कमी होते. शिवाय जुन्या गाड्यांचे रेडिएटर वातावरणाला खुले असत. ६०० मीटर उंचीवर पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांना उकळते. संकटे कशी एकदम येतात, ते यावरून दिसेल. आजच्या गाडीत रेडिएटरला दाब धरणारे झाकण असते. प्रेशर कुकरप्रमाणेच त्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. ते झाकण सैल झाले, किंवा रेडिएटरच्या बारीक वाटा बुजल्या, तर आजची महागाची गाडीही १९०८ सालात जाऊन उभी राहते.

पाणी, धूळ, लाकूड

उष्णता ही अडचणींपैकी एकच. दुसरी अडचण पाण्याची. रेडिएटरमध्ये विहिरीचे जड पाणी घातले की त्यातील कॅल्शियमचे क्षार तापल्यावर पत्र्याला चिकटतात. चहाच्या किटलीच्या तळाशी जमणारा पांढरा थर तो हाच. हा थर उष्णता नीट वाहून नेत नाही. पावसाचे साठवलेले पाणी वापरा, असे सांगणारा चालक म्हणजे रसायनशास्त्र न शिकलेला रसायनज्ञच म्हटला पाहिजे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. तळ्याचे पाणी आणि विहिरीचे पाणी उकळून, तळाशी किती थर उरतो हे शाळेत सहज पाहता येईल.

तिसरी अडचण धुळीची. तेव्हाचे रस्ते डांबरी नव्हते. धुळीत गारेचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. ते इंजिनातील बेअरिंगच्या मऊ मिश्रधातूपेक्षा कितीतरी कठीण असतात. वंगणात मिसळलेली धूळ कानशीसारखी काम करते. रॉइसने आपल्या इंजिनात क्रँकच्या बेअरिंगांना दाबाने तेल पुरवण्याची सोय केली होती आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिले होते. अशी एकाला दुसरी जोड असेल तर घरापासून दूर फार उपयोग होतो.

चौथी अडचण बांधणीची. त्या काळी गाड्यांच्या वरच्या सांगाड्यात लाकूड असे. उन्हाळ्यात ते आकसे, पावसाळ्यात फुगे, आणि सांधे कुरकुरत. रबरी टायर उन्हाने भेगाळत आणि खिळ्यांनी पंक्चर होत. पेट्रोल डब्यांतून मिळे, म्हणून लांबच्या प्रवासाला निघताना ते आधीच बरोबर घ्यावे लागे.

मेस्त्री कुठे आहे?

मग या गाड्या इथे टिकल्या कशा? उत्तम बांधणीमुळे, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे इथल्या कारागिरांच्या हातांत होते. संस्थानांत रेल्वेची आणि शस्त्रागाराची कर्मशाळा असे. ग्वाल्हेर संस्थानाची स्वतःची अरुंद रुळांची रेल्वेच होती. तेथे लेथ चालवणारे, फिटर, लोहार, सुतार हे मनुष्यबळ तयार होते. इंग्लंडहून भाग येईपर्यंत थांबणे परवडत नसे, तेव्हा भाग इथेच घडवावा लागे.

बेअरिंगचेच उदाहरण घ्या. कथिल, अँटिमनी आणि तांबे यांचा मिश्रधातू वितळवून तो बेअरिंगच्या कवचात ओतायचा, थंड झाल्यावर खरवडून दांड्याशी नेमका जुळवायचा. किती खरवडायचे हे दांड्याला रंग लावून, तो फिरवून, रंग कुठे उमटला ते पाहून ठरवतात. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. ओतीव धातू किती तापला की ओतायचा, तो निवताना किती आकसतो, याचे ज्ञान अशा गावांत पिढ्यान्पिढ्या होते. मोटार नवीन होती, पण तिला लागणारी अनेक कौशल्ये नवीन नव्हती.

तरीही १९०८ च्या स्पर्धेसारख्या कथा सांगताना गाडीचे नाव येते, कंपनीचे येते, महाराजांचे येते. रोज पहाटे तेल पाहणारा, पाणी गाळून भरणारा, रात्री कंदिलाच्या उजेडात टायर काढणारा माणूस त्या कथेत क्वचितच असतो. आमच्या मते ही केवळ अन्यायाची बाब नाही. त्यामुळे इतिहास चुकीचा कळतो. गाडी 'न बिघडणारी' होती असे आपण शिकतो. खरे म्हणजे ती सतत दुरुस्त होत राहिली, म्हणून चालत राहिली.

१९९५ आणि नंतर

हीच गोष्ट पुन्हा एकदा घडली. १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे मर्सिडीज-बेंझच्या ई-क्लास गाड्यांची जुळणी सुरू झाली. युरोपची आलिशान गाडी आता महाराष्ट्रातच जोडली जाऊ लागली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला. धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करणारे हे साधन प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या धातूंच्या पातळ थरावर चालते. पेट्रोलमध्ये शिसे असेल तर ते या थरावर बसते आणि उत्प्रेरक निकामी होतो.

आणि पेट्रोलमध्ये शिसे होते. इंजिनाची ठोक थांबवण्यासाठी शिशाचे संयुग वापरता येते, हे अमेरिकेत १९२१ साली थॉमस मिजली यांना आढळले आणि ते जगभर पसरले. सबंध भारतात शिसेविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आले. मधल्या काळात अशी गाडी घेऊन मुंबईहून भंडाऱ्याकडे निघालेल्या माणसापुढे एक नवे गणित होते. अंतर सुमारे ९०० किलोमीटर, टाकी समजा ७० लिटरची, लिटरला १० किलोमीटर. टाकी संपण्यापूर्वी योग्य पेट्रोल कुठे मिळेल? १९०८ मध्ये डबे बरोबर घ्यावे लागत. नव्वद वर्षांनंतरही प्रश्न तोच होता.

आज गाडीतला संगणक बिघाडाचा संकेत देतो आणि मेस्त्रीला तो वाचण्याचे यंत्र लागते. काही वेळा ते यंत्र फक्त कंपनीच्या कर्मशाळेत असते. म्हणून दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या हातात असावे, हा प्रश्न आता अनेक देशांत कायद्याच्या चर्चेत आला आहे. मेस्त्रीने आधी हाताने आणि कानाने मिळवलेले ज्ञान कुलूपबंद झाले, तर सानगडीतल्या माणसाला परदेशी गाडी विकत घेता येईल, पण ती चालू ठेवण्यासाठी तो कायम दुसऱ्यावर अवलंबून राहील.

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. उष्णतेचे प्रकरण शिकवून झाले की मुलांना जवळच्या गॅरेजात न्यावे. रेडिएटरमध्ये कोणते पाणी घालता, उन्हाळ्यात कोणते भाग जास्त जातात, कोणता भाग इथेच घडवता आणि हे कोणाकडून शिकलात, एवढे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे वहीत लिहून घ्यावीत, आणि उत्तर देणाऱ्याचे नावही लिहून घ्यावे.