मातीच्या धुपेचे गणित

शेतीमुळे होणाऱ्या पर्यावरणीय हानीचा आकड्यांत अंदाज बांधण्याची सुरुवात मातीच्या धुपेपासून झाली. मिसुरी विद्यापीठात १९१७ मध्ये एम. एफ. मिलर यांनी उतारावर वाफे आखले आणि त्यांच्या पायथ्याशी आलेले पाणी व गाळ मोजायला घेतला. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी अमेरिकेच्या मैदानी भागातली शेती उद्ध्वस्त केली. मृदशास्त्रज्ञ ह्यू बेनेट यांच्या अथक प्रयत्नांतून १९३५ मध्ये मृदसंधारण सेवा स्थापन झाली आणि अशा मोजणीला जोर आला.

संशोधक झिंग यांनी १९४० मध्ये उताराची लांबी व तीव्रता समीकरणात मांडली. वर्षभरात स्मिथ यांनी त्यात पीक आणि संधारणाचे उपाय जोडले. पण ही सूत्रे त्या त्या भागापुरतीच चालत. ती मर्यादा वॉल्टर विशमायर यांनी ओलांडली. १९५४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात उभ्या राहिलेल्या केंद्रात ४९ ठिकाणच्या नोंदी गोळा झाल्या. प्रत्येक वाफ्याचे प्रत्येक वर्ष वेगळे धरले, तर त्या दहा हजारांहून अधिक भरत.

तुलनेसाठी एक प्रमाण वाफा ठरला: ७२.६ फूट लांब, ९ टक्के उताराचा, पीक न घेता उताराच्या दिशेने नांगरलेला. ही लांबी विचित्र वाटते, पण रुंदी ६ फूट धरली की वाफा बरोबर एकराचा शंभरावा भाग होतो आणि हिशेब सोपा जातो. पावसाच्या बाबतीत विशमायर यांची दृष्टी अधिक मोलाची ठरली. एकूण पाऊस किती पडला यापेक्षा थेंबांची ऊर्जा आणि अर्ध्या तासातला सर्वांत जोराचा मारा यांचा गुणाकार धुपेशी अधिक जुळतो, हे त्यांनी दाखवले. १९६५ च्या पुस्तिकेत पाऊस, माती, उताराची लांबी, त्याची तीव्रता, पीक आणि उपाययोजना अशा सहा घटकांच्या गुणाकाराचे सूत्र प्रसिद्ध झाले. उताराला आडवी पेरणी केली तर किती माती वाचेल, हे त्यामुळे आधीच सांगता येऊ लागले.

महाराष्ट्रात सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रातही १९३० च्या दशकात वाहत्या पाण्याची व मातीची मोजणी होत होती. मुंबई इलाख्यात १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याने बांधबंदिस्तीला बळ मिळाले. पुढे १९८३ मध्ये ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी देशाचा अंदाज मांडला: दरवर्षी ५३३.४ कोटी टन, म्हणजे हेक्टरी सुमारे १६.४ टन माती जागा सोडते. त्यातली २९ टक्के समुद्रात जाते आणि १० टक्के धरणांत साचते.

सूत्राच्या गैरवापराबद्दल विशमायर यांनीच १९७६ मध्ये सावध केले होते. हे सूत्र दीर्घकालीन सरासरी देते. एखाद्या वादळी रात्रीची धूप, ओघळींनी कापलेली जमीन किंवा खाली साचलेला गाळ त्यात येत नाही. आज उपग्रह नकाशांवरून तालुक्यागणिक धुपेचे आकडे काढले जातात. त्या भागातल्या वाफ्यांवर पडताळून पाहिल्याशिवाय अशा आकड्यांवर बांधांचा आराखडा आखू नये.