नकाशाच्या कडेचीं बारीक अक्षरें

नकाशा भिंतीवर टांगला म्हणजे त्यावरील गांवें, नद्या व सीमा आपण निःशंकपणें पाहतों. कडेला बारीक अक्षरांत काय लिहिलें आहे तें सहसा कोणी वाचीत नाहीं. अक्षांश-रेखांश हे सृष्टीनेंच भूमीवर कोरून ठेविलेले आंकडे आहेत, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. त्या समजाची थोडी तपासणी करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें विषुववृत्त कोठें मानावें हा प्रश्न उरत नाहीं. रेखांशांची गोष्ट तशी नव्हे. त्यांची गणना कोठून तरी सुरू करावी लागते. आमच्या ज्योतिष्यांनीं लंका व उज्जयिनी यांवरून जाणारी मध्यरेखा मानिली. १८८४ सालीं वॉशिंग्टन येथील परिषदेंत बावीस विरुद्ध एक अशा मतांनीं तो मान ग्रीनिचला मिळाला. फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. जें मतांनीं ठरतें तो संकेत होय.

आरंभरेषा ठरली तरी पृथ्वीचें मान ठरावयाचें राहतेंच. १८०२ सालीं मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यानें सुमारें साडेसात मैलांची पायारेषा पोलादी सांखळीनें मोजिली. त्रिकोणाची एक बाजू व कोन ठाऊक असले म्हणजे उरलेल्या बाजू गणितानें निघतात. म्हणून त्या एका रेषेवर त्रिकोणास त्रिकोण जोडीत तो वीस वर्षें राबला. जानेवारी १८२३ मध्यें, काम अपुरें असतांच, आजच्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला. जॉर्ज एव्हरेस्टनें तें काम हिमालयाच्या पायथ्याशीं नेलें. माळव्यांतील सिरोंजजवळचें कल्याणपूर हें मूलस्थान ठरलें, आणि १८३० सालीं एव्हरेस्टनें पृथ्वीच्या दीर्घगोलाचें मान प्रसिद्ध केलें.

त्या मानांतील विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या मानापेक्षां सुमारें ८६० मीटरांनीं कमी आहे. पर्वताच्या ओढीनें ओळंबाही किंचित् कलतो, आणि अक्षांश तर ओळंब्याच्याच आधारानें घेतात. अशा अडचणी अनेक होत्या. त्यांहून ठळक चूक रेखांशांत होती. मद्रास वेधशाळेचे जुने रेखांश प्रमाण धरल्यामुळें सारा हिंदुस्थान नकाशावर सुमारें अडीच कला, म्हणजे चार किलोमीटरांहून अधिक, पूर्वेकडे सरकला होता. पुढें तारायंत्रानें वेळ ताडून पाहिल्यावर तिचें नेमकें मान कळलें. जमिनीवर कोणाचें कुंपण हाललें नाहीं; गांवागांवांमधील अंतरेंही बिघडलेलीं नव्हतीं. चुकलें होतें तें ग्रीनिचशीं जोडलेलें नातें.

इतकें होऊनही गोल कागदावर उतरावयाचा राहतो. नारिंगाची साल फाटल्यावांचून सपाट होत नाहीं. मर्केटरनें १५६९ सालीं दिशांचे कोन राखिले व क्षेत्रफळांवर पाणी सोडलें. त्यामुळें आफ्रिकेच्या सुमारें चौदाव्या हिश्श्याएवढें ग्रीनलंड तिच्या बरोबरीचें दिसतें. दर्यावर्द्यांची सोय झाली, शाळेंतील मुलांच्या मनांत मात्र देशांचें भलतेंच मान ठसलें. भारतीय सर्वेक्षण विभागानें बहुशंकु पद्धति वापरली; तींत एकेक ताव जवळजवळ यथार्थ असतो, पण चोहों बाजूंचे ताव जोडूं लागल्यास मध्यें फटी राहतात.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा-धोरणानें सर्वसाधारण लोकांसाठींच्या नकाशांना १९८४ चें जागतिक मान लावलें. एव्हरेस्टच्या मानावरील जुना आंकडा नव्या नकाशावर तसाच मांडल्यास जागा कांहीं शें फूट चुकूं शकते. बांधाच्या किंवा विहिरीच्या तंट्यास तेवढें पुरेसें आहे! म्हणून कोणत्या मानावरचे तें न सांगतां नुसते अक्षांश-रेखांश सांगणारा मनुष्य अर्धेंच सांगतो, असें आमचें मत आहे. लॅम्बटनचे श्रम व्यर्थ गेले असें मात्र कोणीं समजूं नये. त्यानें व त्याच्या मागून आलेल्यांनीं आपलीं गृहीतें लिहून ठेविलीं, म्हणूनच चूक किती हें पुढच्यांस मोजतां आलें. वाचकांनीं पुन्हां नकाशा उघडतांना प्रथम त्याच्या कडेकडे पाहावें, एवढीच आमची विनंती आहे.