ठेव आहे, खिडकी बंद

इतिहास म्हटला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सगळे सिंदखेडराजाकडे बोट दाखवतात. जिजाऊंचं जन्मस्थान ते, तेव्हा रास्तच आहे. पण घरातल्या टीव्हीखालच्या फळीलाही इतिहास असतो. तिथंही राज्यं आली नि गेली; पुतळे तेवढे कोणी उभारले नाहीत.

पहिलं राज्य व्हीसीआरचं. जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ साली व्हीएचएस कॅसेट काढली. तीन तासांच्या कॅसेटीत हिंदी सिनेमा नायिकेच्या लग्नासकट मावायचा. व्हीसीआर विकत घेणारे थोडे, भाड्यानं आणणारे फार. भाडं एका रात्रीचं, म्हणून सिनेमे तीन. पहाटे कुठल्या सिनेमातला बाप कुठल्या सिनेमात मेला, याचा मेळ घालणं तेरजेपेक्षा अवघड!

१९९३ साली व्हिडिओ सीडी आली. फितीवरच्या चित्राचे आता शून्य-एक असे आकडे झाले. आकडे म्हटल्यावर आम्हा बी.कॉम.वाल्यांना जरा आपुलकी वाटली. पण एका तबकडीत मिनिटं ७४. सव्वातीन तासांच्या ‘शोले’ला तबकड्या तीन! पुढची तबकडी सापडेपर्यंत जो वेळ जाई, त्याला घरात इंटरव्हल म्हणत. ओरखडा पडला की चित्राचे चौकोन व्हायचे. मग तबकडी बनियनला पुसायची. एका लग्नाची सीडी सप्तपदीवरच अडकली, तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, “बापा, पोरगी काही सासरी जाऊनच नाही राहिली!”

१९९६ साली डीव्हीडी निघाली. तबकडी तेवढीच, बारा सेंटिमीटरची; माल जवळजवळ सातपट. पुढं प्लेअरला पेन ड्राइव्हची खाच आली, मग ती खाच टीव्हीलाच आली, आणि प्लेअरला न मागता स्वेच्छानिवृत्ती मिळाली.

इथवर हसण्यासारखं आहे. पण २०१६ च्या जुलैत जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी तीच मानली जायची. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. नोटा बदलायला निदान रांग होती. कॅसेट घेऊन कुठल्या रांगेत उभं राहायचं?

घरोघरी कपाटात लग्नाची कॅसेट आहे. तिच्यात आजी चालते, बोलते, पंगतीत जिलबीचा आग्रह करते. म्हणजे ठेव आहे, पावती आहे, फक्त पैसे देणारी खिडकी बंद! घरी लिहिलेल्या सीडीचंही तेच. तिच्यातला मजकूर रंगाच्या थरात असतो, आणि ऊन-उष्णतेनं तो रंग उडतो. मलकापूर-खामगावच्या उन्हाळ्याबद्दल मी वेगळं काय सांगू?

तेव्हा कुणाकडे चालू यंत्र असेल तोवर नक्कल उतरवून घ्यावी. एक नाही, दोन. आणि दोन वेगळ्या जागी. तीही दर दोन-चार वर्षांनी लावून पाहावी. मुदत ठेवीचं नूतनीकरण करतो ना आपण? तसंच. व्याज नाही मिळालं तरी चालेल, पण आजीचा आवाज हे मुद्दल आहे. ते बुडीत खात्याला टाकायला कुठल्याच कारकुनाचा हात वळणार नाही.