साक्षीदाराला दिसतं काय?

मघाशी रोम संविधीचा उल्लेख झाला. तिच्या ६८व्या कलमानुसार साक्षीदाराची सुरक्षितता आणि प्रतिष्ठा जपणं हे न्यायालयाचंच काम. आता हे काम किती अवघड आहे, ते हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या पहिल्याच खटल्यात दिसलं.

आरोपी काँगोतल्या इतुरी भागातला सशस्त्र गटाचा नेता, थॉमस लुबांगा. आरोप, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लढाईत वापरल्याचा. २८ जानेवारी २००९ला पहिला साक्षीदार आला. आपण बालसैनिक होतो, असं सांगणारा. बाहेरच्यांना त्याचा चेहरा दिसणार नाही, अशी सोय होती. पण लुबांगा समोरच बसलेला! आधी मुलगा म्हणाला, शाळेतून येताना मला पकडून नेलं. मग त्याच दिवशी म्हणाला, ते खरं नाही, मला तसं सांगायला शिकवलं होतं.

आता बघा, युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणात वकील साक्षीआधी साक्षीदाराबरोबर त्याच्या जबाबाची उजळणी करत. इथे मात्र न्यायाधीशांनी नोव्हेंबर २००७मध्येच ते बंद केलं होतं. कोर्टरूम दाखवा, कामकाज समजवा, जुना जबाब वाचायला द्या. पण उजळणी नको. कारण घोटून घेतलेल्या साक्षीत उत्स्फूर्तपणा उरत नाही.

१० फेब्रुवारीला तो मुलगा परत आला. यावेळी आरोपी त्याला दिसू नये म्हणून मध्ये पडदा होता, आणि त्याला आपल्या शब्दांत बोलू दिलं. तो बोलला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. १४ मार्च २०१२ला लुबांगा दोषी ठरला, पण इतर पुराव्यांवर. या मुलाच्या साक्षीवर विसंबता येत नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं. का? इतुरीत तपास अधिकाऱ्यांनी उघडपणे गाठलं, तर साक्षीदाराच्याच जिवाला धोका. म्हणून स्थानिक मध्यस्थ नेमले. आणि त्यांतल्या काहींनीच साक्षीदारांना खोटं बोलायला लावलं असावं, असा संशय उरला.

म्हणजे काय झालं? वकिलांची उजळणी थांबवली, पण हेगला येण्याआधीची शिकवणी कुणाला दिसलीच नाही. आणि तिला वाट मिळाली ती संरक्षणासाठी केलेल्या सोयीतूनच. पुढे जानेवारी २०१३मध्ये केनियाच्या खटल्यांत न्यायाधीशांनी वकिलांना साक्षीदाराच्या तयारीची मुभा दिली, नियम घालून. उघड तयारीवर निदान उलटतपासणीत प्रश्न तरी विचारता येतात. चोरून झालेल्या तयारीचं काय करणार?